माळावरच्या नव्या निदेशकाला

तुझ्या तुकडीतली पोरं बीड-धाराशिवच्या कोरडवाहू घरांतली. त्यांना माती कळते, मोजमाप शिकवावं लागतं. म्हणून पहिला आठवडा फळ्याला हात लावू नकोस. तीन बांबू, दोरी अन् एक दगड, एवढ्यात ए-फ्रेम होते, म्हणजे पाणी अडवायच्या चरासाठी समतल रेषा शोधायची ए-आकाराची चौकट. दगड टांगलेली दोरी आडव्या काठीवर जिथं टेकते तिथं खूण, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे समतल. ही अदलाबदल मी पहिल्या वर्षी गाळली होती. चर उताराला गेला आणि पहिल्याच वळवात फुटला. पोरं हसली, पण तेव्हापासून विसरली नाहीत!

चराची माती उताराच्या बाजूलाच टाकायला लाव.

रोपवाटिकेसाठी बाभळीचं बी विकत आणू नकोस. शेळ्यांना शेंगा घाल, गोठ्यातलं बी गोळा कर. टणक साल पोटात मऊ पडते, उगवण चांगली होते. हे पोरांच्या आज्यांना आधीच ठाऊक असतं, एखादीला वर्गात बोलावच. पवना, मारवेल या गवतांचं बी पावसाळा सरताना गोळा करा. गवताआधी झाडांची घाई बालाघाटच्या मुरमाड माळावर फुकट जाते.

आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) फुकट मिळालं तरी सगळा माळ त्यानंच भरू नकोस.