नाल पडतेय? आधी तारीख बघ

भावा, घोड्याची नाल सारखी पडते म्हणून लगेच नालबंदाला, म्हणजे नाल ठोकणाऱ्याला, शिव्या नकोत. शेवटची नालबंदी कधी केलीस? खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. वाढला की नालेची बैठक बिघडते, खिळे सैल होतात. म्हणून दर सहा आठवड्यांनी नाल काढायची, खूर तासायचा, पुन्हा बसवायची. नाल झिजली नसली तरी. ‘अजून चालतेय की’ म्हणणारे मग पाचगणीच्या पठारावर जांभ्या दगडांत नाल शोधत फिरतात. मीही फिरलोय.

रोज सवारीआधी एवढं कर:
- चारही खूर उचल, माती-खडे काढ.
- खिळ्यांच्या वळवलेल्या टोकांवरून बोट फिरव. टोक उठलेलं लागलं किंवा चालताना नाल खडखडली, तर त्या दिवशी घोडं बाहेर काढू नकोस.

नवखे दोन ठिकाणी चुकतात. स्वतःच खिळा ठोकतात. तो आतल्या जिवंत भागात गेला की घोडं लंगडलंच. दुसरं, तयार नालेच्या मापाने खूर कानसतात. नाल खुराला बेतायची असते, खूर नालेला नाही.

पावसाळ्यात तबेला कोरडा ठेव, भिजून मऊ पडलेला खूर खिळा धरत नाही.