नीटची तयारी सुरू करताय, आधी एवढंच सांभाळा

ताई, मुलगी अकरावीत गेली आणि नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासमधल्या पहिल्याच टेस्टनंतर धड जेवत नाहीये म्हणालात. घाबरू नका, बऱ्याच मुलांचं होतं असं. दहावीत नव्वदच्या वर मार्कांची सवय असते आणि इथे चुकलं की एक मार्क कापतात, ७२० पैकी २५० आले की पोरांना वाटतं आपण ढ आहोत. तसं काही नसतं हो, पेपरच वेगळा आहे, १८० मिनिटांत १८० प्रश्न.

आत्ता फक्त हे बघा:

१) झोप कापू देऊ नका. रात्री एकपर्यंत जागून सकाळच्या बॅचला गेलेली मुलं पेंगतात, वाचलेलं डोक्यात राहत नाही, मग भीतीने अजून जागतात.

२) "किती आले?" नको, "कुठे अडलं?" विचारा. आणि तिचे मार्क नातेवाइकांच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका.

३) वेळ आली की सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्मपण भरा. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, फार्मसी, ॲग्रिकल्चरसारखे रस्ते उघडे राहतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात कथक बंद, रविवारी पर्वतीवर जाणं बंद, मैत्रिणी बंद. प्लीज असं करू नका, दोन वर्षं तिला त्याच आधारावर काढायचीयेत.

टेस्ट सिरीज, रिपीट (म्हणजे पुढच्या वर्षी परत परीक्षा देणं) वगैरे नंतर बोलू.

दोनेक आठवडे जेवण-झोप अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आला असं काही बोलली तर मात्र एक दिवसही थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.