पोटातल्या जिवाचा हक्क मोठा की माझा?

प्रश्न: ताई, मी नागपूरचीच, मानेवाड्याकडे राहते, वय ३१, मुलगी दीड वर्षाची. गोळ्या चालू होत्या तरी दिवस गेले, आता नववा आठवडा लागलाय. पहिल्या डिलिव्हरीनंतर सहा महिने डिप्रेशनमध्ये होते, आता कुठे ड्युटीवर जायला लागले. मला हे बाळ नाही ठेवायचं. सासूबाई म्हणतात तो पण जीव आहे, त्याला हक्क नाही का, तू कोण ठरवणारी. नवरा काही बोलत नाही पण सही पण देत नाही, अन् दवाखान्यातले म्हणतात त्यांची सही आणा. खरं सांगू तं सासूबाईंचं बोलणं मला खोटं नाही वाटत, म्हणून तं झोप लागत नाही. मी पाप करतेय का?

उत्तर: आधी सहीचं, कारण त्यातच दिवस जातात. नवऱ्याची सही लागत नाही. तुम्ही १८ च्या वर आहात, १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात तुमची एकटीची संमती पुरते, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं अन् गर्भनिरोधक फेल गेलं हे कारण त्यात चालतं. दुसऱ्या मान्यताप्राप्त दवाखान्यात जा.

आता सासूबाई. त्यांना मी उडवून लावणार नाही. नुसता मांसाचा गोळा आहे म्हणणारे मला पटत नाहीत, तसं असतं तर तिसऱ्या महिन्यात बाळ पडलेल्या बाईचं रडणं आपल्याला समजलंच नसतं. पण जगायचा हक्क वेगळा अन् दुसऱ्याचं शरीर नऊ महिने वापरायचा हक्क वेगळा. समजा उद्या तुमच्या मुलीला किडनी लागली अन् फक्त तिच्या बापाची जुळली, तिच्या जगण्याच्या हक्काबद्दल कोणाला शंका नसेल, तरी १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा बापाच्या मर्जीशिवाय किडनी काढू देत नाही. नाही दिली तर आपण त्याला नावं ठेवू, पण धरून टेबलावर नाही झोपवणार. बापाला ही मोकळीक आहे तर आईला काहून नाही?

यावर कोणी म्हणेल की किडनी न देणं म्हणजे मरू देणं, इथे तर आपण स्वतः जीव थांबवतो. हा मुद्दा जड आहे, मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, अन् आठवडे वाढतात तसा तो अजून जड होतो. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे तुमच्यासारखीच एक आई आली होती, दोन मुलं, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवर औषधं चालू, पण २६ आठवडे झालेले. आधी दोन न्यायाधीशांचंच आपसात जमलं नाही, मग सरन्यायाधीशांच्या बेंचने नाही म्हटलं. तिथे बाळ बाहेर जगू शकत होतं. नवव्या आठवड्यात तुमच्या शरीराशिवाय त्याला दुसरी जागाच नाही, म्हणून तिथे मी तुमच्या बाजूने आहे, अगदी ठामपणे.

नवऱ्याला वाईट वाटत असेल तर त्याला बोलू द्या, ऐकून घ्या. फक्त त्यात आठवडा घालवू नका. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच करतात, पुढे पद्धत बदलते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका, अन् डॉक्टरांना ते सहा महिने कसे गेले हे पण सांगा, त्यांनी विचारायची वाट न बघता.