सिनाईत पडलेली विमानं क्षेपणास्त्रानंच पाडली होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इजिप्तमधल्या सिनाईच्या वाळवंटात इतकी विमानं पडली, ती सगळी दहशतवाद्यांच्या क्षेपणास्त्रांनी पडली का? आणि मैलोन् मैल विखुरलेल्या तुकड्यांवरून खरं कारण कळतं तरी कसं?

पहिल्या भागाचं उत्तर नाही असं आहे. सिनाईशी जोडलेले प्रवासी विमानांचे मोठे अपघात तीन. 1973 मध्ये इस्रायली लढाऊ विमानांनी तोफा डागल्या. 2004 मध्ये वैमानिकालाच विमान कुठे कलतंय याचं भान राहिलं नाही (इजिप्तला हे आजही मान्य नाही). 2015 मध्ये बॉम्ब आत होता. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचा पहिला संशय लोकांना येतो, पण या तिन्हींत त्याचा काहीही संबंध नाही.

21 फेब्रुवारी 1973. लिबियन अरब एअरलाइन्सचं बोइंग 727, फ्लाइट 114, त्रिपोलीहून बेनगाझीमार्गे कैरोला निघालं होतं. 1967 च्या युद्धापासून सिनाई इस्रायलच्या ताब्यात होतं आणि सुएझ कालवा म्हणजे प्रत्यक्षात सीमारेषा झाली होती. त्या दिवशी वाळूचं वादळ होतं, जमीन दिसत नव्हती, वर पाठीमागून जोराचा वारा. पाठीमागच्या वाऱ्यात घड्याळ आणि हवेतला वेग यांवरून काढलेलं स्थान प्रत्यक्षापेक्षा मागे पडतं. तुम्ही समजता अजून कैरोच्या अलीकडे आहोत, आणि विमान कधीच पलीकडे गेलेलं असतं. रेडिओ बीकनवर (जमिनीवरून दिशा दाखवणारा रेडिओ संकेत) हे ताडून पाहायचं, तर कैरोच्या बीकनचा संकेतही भरवशाचा नव्हता. कॅप्टन आणि फ्लाइट इंजिनिअर दोघेही फ्रेंच. आपण नेमके कुठे आहोत ही शंका त्यांनी आपसात फ्रेंचमध्ये बोलून दाखवली, ती कैरोच्या कंट्रोलरला वेळेवर नीट सांगितलीच नाही. माझ्या मते वाळूच्या वादळापेक्षा हे महागात पडलं.

कालवा ओलांडल्यावर इस्रायलची दोन फँटम लढाऊ विमानं बाजूला आली. लिबियन विमानाच्या चमूला ती इजिप्तची मिग वाटली. आपण अजून इजिप्तवरच आहोत अशी समजूत असल्यावर दुसरं काय वाटणार? इस्रायली वैमानिकांनी पंख हलवून, हातानं खुणा करून बीर गिफगाफाच्या तळावर उतरायला सांगितलं. 727 त्या दिशेनं खाली आलं, चाकंही काढली. पण समोर दिसला तो लष्करी तळ. चमूनं तो कैरोच्या पूर्वेचा इजिप्शियन लष्करी तळ समजला आणि नागरी विमानतळ शोधण्यासाठी विमान पश्चिमेला वळवलं. इस्रायलच्या बाजूनं पाहिलं तर हे सरळ सरळ पळून जाणं होतं. खिडक्यांचे पडदे ओढलेले असल्यानं आत प्रवासी दिसले नाहीत, असंही त्यांच्या वैमानिकांनी सांगितलं. पंखांच्या मुळाशी 20 मिलिमीटरच्या तोफांचा मारा झाला. विमान वाळूच्या टेकड्यांमध्ये पोटावर उतरवण्याचा प्रयत्न जवळजवळ जमला होता, पण ते फुटलं. 113 पैकी 108 जण गेले. वाचलेल्या पाचांत सहवैमानिक होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे आयकाओनं, इस्रायलचा निषेध केला. इस्रायलनं मृतांच्या कुटुंबांना भरपाई दिली.

अशा अडवणुकीच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि त्या प्रत्येक वैमानिकाला पाठ असाव्या लागतात. लढाऊ विमान सहसा डावीकडे, थोडं वर आणि पुढे येऊन पंख हलवतं, मग सावकाश वळतं. याचा अर्थ "माझ्यामागे या". प्रवासी विमानानं पंख हलवून उत्तर द्यायचं आणि मागे जायचं. लढाऊ विमानानं धावपट्टीवर घिरट्या घालत चाकं काढली तर "इथे उतरा". समोरून न कापता एकदम झटक्यानं वर वळून निघून गेलं तर "तुम्ही मोकळे". सांगितलेलं करणं शक्य नसेल तर सगळे दिवे ठरावीक अंतरानं लावायचे-विझवायचे. विमान संकटात असेल तर तेच अनियमितपणे. याशिवाय 121.5 मेगाहर्ट्झवर बोलायचं, आणि वेगळी सूचना नसेल तर ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) 7700 हा संकटाचा संकेतांक लावायचा. 1973 मध्ये खुणा झाल्या, पण दोन्ही बाजूंनी त्यांचा अर्थ आपापल्या समजुतीप्रमाणे लावला. नागरी विमानावर शस्त्र वापरू नये हे स्पष्ट शब्दांत सांगणारं, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारातलं 3 बिस कलम यायला आणखी अकरा वर्षं लागली, आणि तेही या घटनेमुळे आलं नाही. 1983 मध्ये सोव्हिएत संघानं कोरियन विमान पाडलं, त्यानंतर मे 1984 मध्ये ते संमत झालं, आणि लागू व्हायला 1998 उजाडलं.

2004 चं प्रकरण थोडक्यात सांगतो. 3 जानेवारीला पहाटे फ्लॅश एअरलाइन्सचं बोइंग 737-300 शर्म अल-शेखहून उडालं आणि तीन मिनिटांच्या आत तांबड्या समुद्रात कोसळलं. 148 जण होते, बहुतेक फ्रेंच पर्यटक. ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर तेव्हा शर्मलाच सुट्टीवर होते, त्यामुळे घातपाताची कुजबुज लगेच सुरू झाली. उड्डाणाची नोंद ठेवणारे रेकॉर्डर सुमारे हजार मीटर खोलीवरून काढले आणि चित्र वेगळंच निघालं. डावीकडे वळायचं असताना विमान उजवीकडे कलत गेलं, 111 अंशांपर्यंत, म्हणजे पंख उभे होण्याच्याही पलीकडे. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिजाची रेघ नाही. अशा वेळी कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हळूहळू वाढणारा कल टिपतच नाही. कॅप्टनला सरळ वाटतं, आणि कृत्रिम क्षितिजाकडे (कल दाखवणारं उपकरण) पाहिलं नाही तर ते वाटणंच खरं ठरतं. सहवैमानिकानं कल जास्त झाल्याचं सांगितलं, पण नियंत्रण हाती घेतलं नाही. अमेरिकन आणि फ्रेंच तपासकांनी दिशाभ्रमावर बोट ठेवलं. इजिप्तनं यांत्रिक बिघाडाची शक्यता सोडली नाही.

आता 2015, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथेच सुटतो. 31 ऑक्टोबरला मेट्रोजेटचं एअरबस ए321, फ्लाइट 9268, शर्महून सेंट पीटर्सबर्गला निघालं. 23 मिनिटांनी, सुमारे 31,000 फुटांवर असताना, ते रडारवरून गेलं. तुकडे मध्य सिनाईत हसना भागात पडले. सगळे 224 जण मृत्युमुखी पडले.

तपासात पहिलं काम तुकड्यांचा नकाशा. प्रत्येक तुकडा हलवण्याआधी त्याचं जीपीएस स्थान, दिशा आणि छायाचित्र घेतात. अखंड विमान जमिनीवर आदळलं तर एक खड्डा आणि आसपास थोडा पसारा दिसतो. हवेतच फुटलं तर अनेक किलोमीटर लांबीचा पट्टा तयार होतो, आणि त्यात उड्डाणाच्या दिशेनं पाहता जो भाग सर्वांत मागे सापडतो तो साधारणपणे सर्वांत आधी सुटलेला असतो. हलके तुकडे वाऱ्यानं वाहतात, त्यामुळे त्या दिवसाचा उंचीनिहाय वारा धरून हिशेब करावा लागतो. मेट्रोजेटची शेपूट मुख्य सांगाड्यापासून दूर, मागे सापडली. म्हणजे तुटायला सुरुवात मागून झाली.

पण मागूनच का? इथे एक जुनी नोंद आडवी आली. याच विमानाची शेपूट 2001 मध्ये कैरोला उतरताना धावपट्टीला घासली होती आणि नंतर दुरुस्ती झाली होती. शंका रास्त होती. 1985 चं जपान एअरलाइन्सचं 123 आणि 2002 चं चायना एअरलाइन्सचं 611, दोन्ही शेपटीच्या जुन्या, सदोष दुरुस्तीमुळेच गेली. दुसरीत तर दुरुस्ती 22 वर्षं जुनी होती. 31,000 फुटांवर केबिनच्या भिंतीवर आतून दर चौरस इंचाला सात-आठ पौंडांचा दाब असतो, आणि प्रत्येक उड्डाणात तो चढतो-उतरतो. भेग असली तर ती दर वेळी केसभर पुढे सरकते.

फरक भिंगाखाली कळतो. थकव्यानं तुटलेल्या धातूच्या कडेवर एकापुढे एक बारीक समांतर रेषा दिसतात, वाढत गेलेल्या भेगेच्या खुणा. स्फोटानं फाटलेला पत्रा स्फोटाच्या उलट बाजूला वळतो, कडा कुरळ्या होतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, आणि भोकं आतून बाहेर गेलेली असतात. क्षेपणास्त्राच्या बाबतीत उलट, भोकं बाहेरून आत. पत्र्यावर, आसनांच्या कापडावर, सामानावर स्फोटकाचे अंश शोधतात. ते पावसानं आणि समुद्राच्या पाण्यानं धुऊन जातात, म्हणून या एका बाबतीत कोरडं वाळवंट तपासकांच्या पथ्यावर पडतं. त्रास वेगळे असतात. वारा हलके तुकडे पुरतो, लोक धातू उचलून नेतात, आणि सशस्त्र टोळ्यांच्या मुलखात दिवसाचा ठरावीक वेळच काम करता येतं. तिसरा पुरावा कॉकपिटमधल्या आवाजाचा. स्फोटाचा धक्का विमानाच्या सांगाड्यातून हवेपेक्षा कितीतरी वेगानं पोचतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणात अगदी शेवटी टोकदार आवाज उमटतो आणि लगेच सगळं बंद पडतं. मेट्रोजेटच्या मुद्रणातही अखेरच्या क्षणी एक आवाज होता.

17 नोव्हेंबरला रशियानं जाहीर केलं की एक किलो टीएनटीइतक्या ताकदीचा घरगुती बॉम्ब होता. इस्लामिक स्टेटनं शीतपेयाच्या डब्याचं चित्र छापून तोच बॉम्ब असल्याचा दावा केला. इजिप्तनं सुरुवातीला ताकास तूर लागू दिली नाही, पण फेब्रुवारी 2016 मध्ये अध्यक्ष सिसी यांनी दहशतवादाचा हात असल्याचं बोलून दाखवलं.

यातली विचित्र गोष्ट अशी की धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता, फक्त वेगळ्या धोक्याचा. जानेवारी 2014 मध्ये उत्तर सिनाईत इजिप्शियन लष्कराचं एमआय-17 हेलिकॉप्टर खांद्यावरच्या क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, पाच सैनिक गेले. अशी क्षेपणास्त्रं साधारण 10,000 ते 15,000 फुटांपर्यंत पोचतात. त्यात सिनाईच्या दक्षिणेत साडेआठ हजार फुटांचे डोंगर आहेत, आणि माथ्यावरून डागलं तर तेवढी उंची फुकट मिळते. म्हणून अमेरिकेनं 2015 च्या मार्चमध्ये आपल्या कंपन्यांना सिनाईवर 26,000 फुटांच्या खाली उडू नका असा सल्ला दिला. मेट्रोजेट त्या मर्यादेच्या पाच हजार फूट वर होतं. उंचीचा नियम आतल्या बॉम्बला लागू होत नाही.

बाकीचे अपघात नोंदीपुरते. मे 2007 मध्ये सिनाईतल्या शांततेवर लक्ष ठेवणाऱ्या बहुराष्ट्रीय निरीक्षक दलाचं फ्रेंच ट्विन ऑटर रस्त्यावर उतरवण्याच्या प्रयत्नात ट्रकला धडकलं, नऊ जण गेले. याच दलातून घरी परतणाऱ्या 248 अमेरिकी सैनिकांचं विमान डिसेंबर 1985 मध्ये पडलं, पण ते कॅनडात गँडरला. काही याद्यांमध्ये ते सिनाईच्या खात्यात घातलेलं दिसतं, ते चूक.

शर्मला जायचं असेल तर: शेख झुवैद, रफाह, अल-अरीश हा तेव्हाचा संघर्षाचा पट्टा शर्मपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला आहे. चढताना-उतरताना विमान 26,000 च्या खाली येणारच, ते कुठल्याही विमानतळावर होतं. 2015 नंतरचा खरा वाद विमानतळावरचे कर्मचारी, सामानाचा पट्टा आणि तपासणी यंत्रं यांच्याबद्दल होता. ब्रिटननं या स्फोटानंतर शर्मच्या उड्डाणांवर घातलेली बंदी ऑक्टोबर 2019 मध्ये उठवली. रशियानं थांबवलेली कैरोची उड्डाणं एप्रिल 2018 मध्ये पुन्हा सुरू केली, पण शर्म आणि हुरघाडासाठी ऑगस्ट 2021 पर्यंत थांबवून ठेवलं.