सोळा इंची अलॉय व्हील टाकायच्या आधी टायरवरचा नंबर वाच

भावा, अलॉय छान दिसतात म्हणून लगेच ॲडव्हान्स देऊ नको, आधी तुझ्या टायरच्या साइडला काय लिहिलंय ते बघ. १८५/६५ आर १५ असेल तर १८५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के साइडवॉलची (रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची) उंची, आणि १५ म्हणजे इंचात रिम. आता हिशोब कर, साइडवॉल १२० च्या आसपास, वर-खाली दोनदा धर, त्यात रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिमी मिळव, पूर्ण चाक ६२१ मिमी झालं. १९५/५५ आर १६ चं पण तेवढंच येतं बघ, म्हणून ते चालतं. पण २०५/६० आर १६ घेतलास तर ६५२ होतं, म्हणजे ५ टक्के मोठं, मग मीटर १०० दाखवताना गाडी १०५ च्या आसपास पळते.

मी तेच केलेलं. दुकानदार म्हणला बसतंय की, आणि बसलं पण, पण होटगी रोडला यू टर्न मारताना फुल स्टेअरिंगवर खर्रर्र आवाज, उतरून बघतो तर टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेला, रबर सोललेलं.

रिमचं पीसीडी (नटांची भोकं ज्या गोलावर असतात त्याचा व्यास), ऑफसेट (रिम हबला टेकते ती बाजू मधल्या रेषेपासून किती आत-बाहेर आहे ते) आणि मधलं भोक पण जुळवून घे. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको, ८८ म्हणजे एक टायर ५६० किलोपर्यंत वजन पेलतो, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पाच माणसं नि सामान घेऊन पुणे हायवेला जाताना तिथं तडजोड अजिबात करू नको. आणि स्टेपनी जुन्या मापाचीच राहणार हे धरून चल.