गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा समीकरणात कुठे असते?

प्रश्न : ऊर्जेलाही वस्तुमान असते असे शिकलो. मग गुरुत्वाकर्षणाच्या स्वतःच्या ऊर्जेचे वस्तुमान आइनस्टाइनच्या समीकरणात धरलेले असते का?
(एक वाचक, मुलुंड, मुंबई)

उत्तर : धरलेले असते, पण आपण जिथे शोधतो त्या जागी नाही. सामान्य सापेक्षतेच्या, म्हणजे आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताच्या, १९१५ च्या या समीकरणांत डावीकडे अवकाश-कालाची वक्रता आणि उजवीकडे ऊर्जा-संवेग प्रदिश (टेन्सर, म्हणजे अनेक घटकांची एकत्रित मांडणी) असतो. त्याच्या दहा स्वतंत्र घटकांत ऊर्जेची घनता, संवेग, दाब आणि ताण येतात. म्हणजे न्यूटनप्रमाणे एकटे वस्तुमान नव्हे, तर दाबसुद्धा गुरुत्वाकर्षण निर्माण करतो. गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा मात्र या यादीत नाही. लोअर परळच्या एखाद्या टॉवरची लिफ्ट दोर तुटून पडू लागली, तर आतल्या माणसाला वजन जाणवणारच नाही; जे क्षेत्र केवळ निरीक्षक बदलल्याने एखाद्या बिंदूपाशी नाहीसे होते, त्याची त्या बिंदूवरची ऊर्जा किती, हा प्रश्नच अर्थहीन ठरतो.

तरीही एकूण हिशेबात ती असते. पृथ्वीचा कण न् कण दूर नेऊन तोलला, तर त्यांची बेरीज अखंड पृथ्वीच्या वस्तुमानापेक्षा दहा अब्जांत चार-पाच भागांनी अधिक भरेल, कारण कणांना एकत्र धरून ठेवणाऱ्या गुरुत्वीय बंधनाची ऊर्जा ऋण असते. चंद्राच्या बाबतीत हे प्रमाण पृथ्वीच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतके आहे. ही ऊर्जा इतर पदार्थाप्रमाणे सूर्याकडे पडत नसती, तर चंद्राच्या कक्षेत फरक (आजच्या हिशेबाने सुमारे १३ मीटरचा) पडला असता, हे भौतिकशास्त्रज्ञ केनेथ नॉर्टव्हेट यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर लेझरचा प्रकाश परत पाठवणारा परावर्तक ठेवला. तेव्हापासून लेझरने घेतलेल्या चंद्राच्या अंतराच्या मापनांत, जी आता सेंटिमीटरहूनही सूक्ष्म झाली आहेत, असा फरक आढळलेला नाही. (या विषयातला हा सर्वांत देखणा पुरावा, असे माझे मत.)

कृष्णविवरांच्या बाबतीत तर हे अधिकच ठळक होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदलेल्या गुरुत्वीय तरंगांमागे (अवकाश-कालात पसरणाऱ्या लहरींमागे) सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांचे विलीनीकरण होते आणि उरलेले विवर सुमारे ६२ पट भरले. बाकीचे तीन सूर्यांइतके वस्तुमान तरंगांच्या रूपाने निघून गेले. आणि ते तरंग ज्या रिकाम्या अवकाशातून पृथ्वीपर्यंत आले, तिथे समीकरणाची उजवी बाजू शून्यच होती.