शेवगा एकदम साठ शेंगा देतो, खाणारे आम्ही दोघंच

प्रश्न : ताई, आमच्या घरामागे शेवगा, पपई आणि नळापाशी अळू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा एकदम येतात, निम्म्या झाडावरच वाळतात. शेजारी नवीन बिल्डिंग झालीय पण ओळख नाही, नुसत्या शेंगा घेऊन कसं जायचं? आणि ह्यांना शुगर आहे, तर आम्ही रोज भाजी-फळं किती खायची? - एक वाचक, कराड

उत्तर : आधी किती ते सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहाराची माहिती दिली त्यात 2000 कॅलरीच्या जेवणाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं धरलीत, आणि बटाटा यात मोजायचा नाही बरं का. मी एकदा माझी दोन्ही वेळची भाजी काट्यावर ठेवली तर दोनशेसुद्धा भरली नाही, आणि मला वाटत होतं मी भरपूर खाते! तेव्हापासून आमटीत मूठभर शेंगा नाहीतर दुधी, लाल भोपळा टाकतेच, आणि कोशिंबीर वाटीभर, चमचाभर नाही.

तुमच्याकडे तर शेंगांपेक्षा पाला भारी आहे. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, कोवळा पाला, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं, बस्स. यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं, ताटात लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. ह्यांना पपई चालते पण फोडी, ज्यूस अजिबात नको, जेवणावर लगेच नको, मधल्या वेळी छोटी वाटी, आणि किती ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. कच्च्या पपईची कोशिंबीर पण करून बघा.

आता शेजाऱ्यांचं. पिशवीभर देऊ नका, समोरच्याला ओझं होतं, एका वेळच्या आमटीपुरत्या चार-पाच शेंगा दोऱ्याने बांधून द्या आणि सांगा की घरच्या आहेत, फवारणी नाही. (केली असेल तर अर्थात देऊच नका.) आमच्या मजल्यावर आंध्रचं कुटुंब आलं, भाषेची अडचण, नुसतं हसून दार लावायचं असं दोन महिने चाललं. मग मी एकदा शेंगा आणि कढीपत्त्याची डहाळी दिली, त्या बाईंनी डहाळी तिथेच नाकाला लावली आणि डोळे भरून आले त्यांचे, म्हणाल्या गावी अंगणात झाड आहे. चार दिवसांनी माझी वाटी परत आली ती गोंगुराची चटणी भरून, आणि गोंगुरा म्हणजे आपली आंबाडीच हो! आपण भाजीत कण्या घालतो, त्या चटणी करतात. आता दर आठवड्याला काही ना काही इकडून तिकडे जातं, आणि माझ्या घरात आंबाडी महिन्यातून दोनदा शिजते जी आधी वर्षात शिजत नव्हती. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत ना, तिकडेही तसंच असावं.

तुम्ही संध्याकाळी शेंगा घेऊन जा, त्या वेळी माणसं घरी असतात. अळू द्याल तेव्हा चिंच नाहीतर आंबट चुका घालायला सांगा, नाहीतर घसा खाजतो. आणि वड्यांची पानं असतील तर वड्या करूनच द्या, नुसती पानं पुष्कळ घरांत फ्रिजमध्येच वाळतात.